उतारावरचं दूध

पोलादपूरच्या स्टँडमागे माझं चहाचं हॉटेल आहे. दुधात पाणी घालणाऱ्याला मी दारात उभं करत नाही, म्हणून दूधवाले मला जरा टरकूनच असतात. भैरूचं दूध मात्र कधी तपासावं लागलं नाही. उमरठच्या वर डोंगरावर त्याची वाडी, तिथे त्याच्या म्हशी. त्याचा मुलगा राजू रोज मोटारसायकलवरून दूध आणून द्यायचा. तो मुंबईला नोकरीला गेला आणि सगळंच अडलं. भैरूचे गुडघे गेलेले, दूध खाली आणणार कोण? त्यानं म्हशी विकायचं ठरवलं आणि व्यापाऱ्याला पुढच्या महिन्यात ये म्हणून सांगूनही टाकलं.

हे कळल्यावर त्याची धाकटी, पूनम, माझ्याकडे आली. बारावी झालेली, काडीसारखी पोर. एकेका म्हशीचं नाव घेऊन बोलत होती आणि डोळे पुसत होती. मामाची जुनी स्कूटी पडून आहे, ती शिकते, दूध मीच आणते, तुम्ही दुसरा दूधवाला लावू नका, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, बघू. खरं तर मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे, उतरेल.

उमरठच्या सपाट मैदानात ती झकास चालवायला लागली. घोडं अडलं ते वाडीच्या उतारावर. पहिल्याच दिवशी दोन्ही कॅन रस्त्यात आडवे, ढोपरं सोललेली आणि चपलांच्या टाचा झिजून सपाट. ब्रेक दाबायचा सोडून ही बया दोन्ही पाय जमिनीला घासत उतरत होती! जन्मभर डोक्यावर ओझं घेऊन डोंगर उतरणारी ही माणसं, त्यांचा सगळा भरवसा टाचेवर.

मी तिला फाडफाड बोलले. ब्रेक काय शोभेला लावलेत का, म्हटलं. तिनं खाली मान घालून ऐकून घेतलं.

"मावशे, कळतंय सगळं," ती म्हणाली. "पन उतार दिसला का पाय आपसूक खाली जातात."

जीव कळवळला माझा. पण ही खोड दुसऱ्या कुणाला काढता येणार नव्हती. मग ती कॅनमध्ये दुधाऐवजी पाणी भरून रोज तोच उतार उतरायला लागली. आधी अगदी खालचा तुकडा, तो जमला की थोडं वरून. पडली की स्कूटी उचलायची, कॅन पुन्हा भरायचे आणि पुन्हा वर जायचं. वाडीतली माणसं हसायची. भैरू नुसता ओट्यावर बसून बघायचा, चांगलं म्हणायचा नाही की वाईट म्हणायचा नाही.

व्यापारी यायचा त्या सकाळी स्कूटी माझ्या दारात थांबली. दोन्ही कॅन काठोकाठ. मला इतका आनंद झाला, की पहिला चहा तिलाच दिला. पण ती कप नुसताच हातात धरून बसली. बापाला काही विचारायचं धाडस झालं नव्हतं, तशीच निघून आली होती. आता वर गेले आणि गोठा रिकामा असला तर, या धास्तीनं ती जागची उठेना.

तेवढ्यात तो व्यापारीच कपाळाला आठ्या घालून आत शिरला. बाहेर त्याचा टेम्पो रिकामा उभा. भैरूच्या नावानं खडे फोडत तो मला म्हणाला, "म्हातारा म्हणतो, म्हशींची मालकीण दूध घेऊन खाली गेलीय, तिला इचार. आता ही मालकीण कोण आणि शोधू कुठे?"

पूनमनं हातातला कप खाली ठेवला आणि ती उभी राहिली.

"मी हाय," ती म्हणाली. "नाय द्यायच्या."