ठिबकची नळी आणि तात्यांचं काळीज

नोकरीत खून, दरोडे, बांधावरच्या मारामाऱ्या पुष्कळ पाहिल्या. त्यातल्या बऱ्याच आता विसरलो. पण बीड तालुक्यातल्या माझ्या शेवटच्या ठाण्यावरचं एक प्रकरण आठवलं की मी आजही एकटाच हसत बसतो, आणि बायको आतून विचारते, "काय झालं हो?" नावं कुणाचीच सांगणार नाही. माणसं हयात आहेत.

सोमवारची सकाळ होती. हजेरी आटोपून मी गस्तीचे रिपोर्ट चाळत होतो. साठीची एक बाई, डोक्यावर पदर, हातात पिशवी, सरळ टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"साहेब, माझ्या मालकाला अटक करा."

"मारहाण करतात का, मावशी?"

"हात लावून तर बघू द्या! तसलं काही न्हाई."

"दारू?"

"माळकरी हायेत."

"मग अटक कशासाठी?"

"मागं माझ्या भाच्याला तुमी भांडणात धरलं व्हतं. कोठडीत टाकायच्या आदी सरकारी दवाखान्यात नेऊन बीपी-बिपी समदं तपासलं. तसंच ह्यांना न्या. आता माझ्या सांगण्यानं दवाखान्याची पायरी परत चढंनात."

गुन्हा नसताना अटक करता येत नाही, हे मी समजावलं. बाईनं क्षणभर विचार केला. "मग कोणता गुन्हा करायचा ते सांगा. मी करायला लावते."

ठाणे अंमलदारानं हसू लपवायला स्टेशन डायरीत डोकं खुपसलं. मीही हसलो असतो, पण बाईचे डोळे भरले होते. पिशवीतून तिनं अँजिओग्राफीचा कागद काढला. तीन रक्तवाहिन्या चोंदलेल्या, बायपास तातडीने करा, असं लिहिलं होतं. तिचे मालक गावचे माजी सरपंच, सगळे त्यांना तात्या म्हणत. ते ऑपरेशनला तयार नव्हते. बीडमध्ये एकानं 'कीलेशन' केंद्र काढलं होतं. तीस सलाईन घ्या, हृदयाच्या नळ्यांतला चुना विरघळून लघवीवाटे बाहेर पडेल, ना चिरफाड ना टाके, असा त्याचा दावा. तात्यांची अकरा सलाईन झाली होती. कहर म्हणजे त्या माणसानं रक्त पातळ ठेवायच्या गोळ्याही बंद करायला लावल्या होत्या.

"चार पावलं टाकली की खांबाला धरतेत, साहेब. वर मलाच म्हणतेत, लई बरं वाटतंय."

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत मी तात्यांच्या शेतावर गेलो. धिप्पाड माणूस, पण बोलताना दम घ्यायला मधेच थांबत होता.

"साहेब, तुमच्याकडं ठिबक हाय का?"

"आहे."

"आपल्याकडचं बोरचं पाणी क्षाराचं. नळ्या चोंदल्या की काय करता?"

"ॲसिड सोडतो."

"दुसऱ्या दिवशी पाणी टपटप पडतंय का न्हाई? मग काळजाची नळी काय येगळी हाय?"

माझ्या गावच्या शेतात दर हंगामात मी स्वतः ॲसिड सोडतो, मान डोलावणं भागच होतं. शिवाय तात्यांनी पुरावा डोळ्यांनी पाहिला होता. घरून बाटलीत लघवी न्यायची, केंद्रवाला त्यात दोन थेंब टाकायचा, आणि तळाला पांढराशुभ्र चुना बसायचा. तो पाहून तात्यांनी गावातल्या चौदा जणांना स्वतःच्या जीपमधून तिथे नेलं होतं.

आता आली पंचाईत. तक्रार द्यायला एकही रुग्ण तयार होईना. उलट "आमच्या डॉक्टरच्या वाट्याला जाऊ नका" असं मलाच ऐकवत. शेवटी तालुका आरोग्य अधिकारी डॉक्टरबाईंना भेटलो. त्यांनी नोंदी तपासल्या. त्या माणसाकडे वैद्यकीय पदवीच नव्हती. पूर्वी कुठेतरी कंपाउंडर होता. बाईंचं पत्र आलं आणि आम्ही बनावट रुग्ण पाठवायचं ठरवलं. त्यासाठी आमचे जमादार निवडले, कारण पोट पाहून कुणालाही ते हृदयरोगीच वाटले असते.

दोन सरकारी पंच बोलावले. नमुन्याची बाटली पंचांसमक्ष भरून, बुडाला खूण करून पंचनामा लिहायचा होता. जमादार बाटली घेऊन आडोशाला गेले. पंच दाराशी उभे. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"काय झालं हो, जमादार?"

"साहेब, पंचांसमोर उतरंना."

दोन तांबे पाणी पाजलं, नळ सोडून ठेवला, तरी गडी कोरडाच! शेवटी बाटली भरून आली. मी शाबासकी देणार, तोच एक पंच चाचरत म्हणाला, "साहेब, हा कोरा चहा आहे. ह्यांनी किटलीतून ओतला."

मी संतापलो. "अहो, कोर्टात काय तोंड दाखवू?" जमादार मान खाली घालून उभे. आणि मग माझीच ट्यूब पेटली. चहात हृदयाचा चुना निघाला, तर याहून भक्कम पुरावा कुठला? पंचनाम्यात स्वच्छ लिहिलं, 'बाटलीत कोरा चहा, पंचांसमक्ष भरला.' जमादारांच्या लाजेनं आमचं काम सोपं केलं.

केंद्रात त्या माणसानं बाटली उजेडात धरली, थेंब टाकले. पांढरा थर बसला. "सत्तर टक्के ब्लॉकेज. नशीबवान आहात, वेळेत आलात." जमादारांनी ठरल्याप्रमाणे रुमालानं तोंड पुसलं आणि आम्ही आत शिरलो.

चौकशीत गडी मोठा गोडबोल्या निघाला. मला म्हणतो, "साहेब, जिना चढताना तुम्हाला धाप लागते. बायको तपासणीच्या मागे लागली असेल, तुम्ही टाळत असाल." शब्दन् शब्द खरा होता. लाज वाटते सांगायला, पण दोन मिनिटं मी त्याचं मन लावून ऐकलं. टाके नाहीत, भूल नाही, बाटली लावून झोपायचं फक्त. कुणाला नको वाटेल? मग भानावर येऊन पंचनामा त्याच्यापुढे सरकवला. "हा चहा होता."

त्यानं दोनदा वाचलं. कपाळावर घाम फुटला. तरी म्हणतो कसा, "साहेब, चहात पण कॅल्शियम असतं." जमादार इतके हसले की त्यांना बाहेर पाठवावं लागलं. तासाभरात त्यानं सगळं कबूल केलं.

तोवर तात्या जीप भरून माणसं घेऊन ठाण्यावर धडकले होते. "आमच्या डॉक्टरला सोडा!" मी वाद घातला नाही. डॉक्टरबाईंना बोलावलं. त्यांनी जप्तीतल्या मालातून नव्हे, तर आपल्या प्रयोगशाळेतून आणलेल्या तसल्याच द्रावाचे दोन थेंब सगळ्यांसमोर कोऱ्या चहाच्या ग्लासात टाकले. पांढरा थर बसला. पुढची माणसं ग्लासावर वाकली.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "तात्या, ठिबकच्या नळीत क्षार आतून चिकटतो. माणसाची नळी तशी नसते. तिच्या भिंतीतच चरबी साचून भिंत जाड होते. सलाईनमधलं ते औषध शिसं अंगात भिनलं तर ते उतरवायला डॉक्टर वापरतात. त्यानं भिंत पातळ होत नाही. उगाच घेतलं तर मूत्रपिंडं जातील."

तात्या अजून घुटमळत होते. तेवढ्यात मावशी गर्दीतून पुढे आल्या. "मागल्या साली मेन लाईन दगडाखाली दबली, तवा ॲसिड सोडत बसलात का?"

"न्हाई."

"मग काय केलं?"

"बाजूनं दुसरी नळी टाकली."

"मग ते ऑपरेशनवाले तरी दुसरं काय म्हणायलेत?"

तात्या बाकावर बसले. मग त्या मोठ्या माणसाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "चौदा लेकराबाळांच्या माणसांना मी नेलं, साहेब. माझ्यावर इस्वास ठेवून आले." दुसऱ्या दिवशी त्याच जीपमधून ते सगळ्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेले आणि रांगेत स्वतः पहिले उभे राहिले. बहुतेकांचं काळीज धडधाकट निघालं. दोघांना वेळेवर पुढे पाठवता आलं.

गुन्हा दाखल झाला, दोषारोपपत्र गेलं, ते कागदावरचं काम. मी शिकलो ते वेगळंच. इतकी वर्षं मी समजत होतो की भोळी माणसं फसतात. तात्या कुठले भोळे? ते भ्यालेले होते. उभ्या गावाला न घाबरणारा माणूस सुरीला घाबरत होता, आणि आम्ही शहाण्यांनी त्याच्या हातात इंग्रजी कागद दिला होता. शेताची भाषा आधी बोलला तो लबाड. त्याच भाषेत त्याला हरवलं ते मावशींनी. त्याच आठवड्यात मीही मुकाट्यानं स्वतःची तपासणी करून घेतली.

तात्यांचं ऑपरेशन संभाजीनगरला झालं. त्या दिवशी माझं बंदोबस्तात लक्ष नव्हतं, सारखा फोन बघत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मावशींचा फोन आला. नुसते हुंदके ऐकू येत होते.

"मावशी, काय झालं? बोला की!"

"शुद्धीवर आले, साहेब. डोळे उघडले आन् मला शिव्या द्यायला लागले." त्या रडता रडता हसायला लागल्या. "लई दिल्या, साहेब. एका दमात दिल्या!"