कोऱ्या पानाखाली माझी सही

"आधी चहा ठेव, मग सही कर."

तात्या मला म्हणाले. मी गावची सरपंच. निवडून येऊन पंधरा दिवस झाले होते.

सभा तात्यांच्या पडवीत होती. पंचायतीला कार्यालय होतं, पण ते झेंडावंदनापुरतं उघडायचं. गाव तीन घरं चालवायची, त्यातलं मोठं तात्यांचं. सरपंचपद आदिवासी बाईसाठी राखीव झालं तेव्हा त्यांनी मला उभं केलं. मी तात्यांच्याच केळीच्या वाडीत कामाला. मान वर करत नाही, एवढीच माझी लायकी त्यांनी बघितली.

मी चहा ठेवला. सगळ्यांना दिला. बस म्हणून कोणी म्हटलं नाही. ग्रामसेवकाने इतिवृत्ताची वही पुढे केली. पान कोरं. त्याने खाली बोट ठेवलं, मी तिथे सही केली. दोन वर्षं करत राहिले. सातवी शिकलेली बाई मी! वाचता येत होतं. पण विचारलं नाही. भीत होते, खोटं कशाला बोलू.

मग आमच्या पाड्यावरच्या विहिरीवर टँकर लागले. खाजणाकडच्या बाकीच्या विहिरी मचूळ झालेल्या, गोडं पाणी फक्त आमच्या विहिरीला. ते विरारच्या टॉवरना जायला लागलं. आमच्या बायका तळाचा गाळ खरवडत बसल्या. मी भांडायला गेले, तर ड्रायव्हरने कागद दाखवला. ठरावाची नक्कल. खाली माझी सही.

सासू ओरडली नाही. "तूच इकलंस आमचं पानी," एवढंच म्हणाली. तात्यांचा राग मला नंतर आला. आधी स्वतःची किळस आली.

पुढच्या सभेत वही आली तशी मी हात मागे घेतला. "आधी लिवा. मंग वाचा. मंग सही."

तात्या हसले. "डोक्यावर चढलीस काय गं? तुला बसवली कोणी?"

"बसवली तुमी. सही माझी हाय."

वही उचलली आणि चालत कार्यालयात नेली. कपाटाला माझं कुलूप घातलं. टँकरचा ठराव रद्द करायला ग्रामसभा लावली.

आता ते माझ्यावर अविश्वास ठराव आणणार आहेत. आणू देत. मला लोकांनी थेट निवडलंय, काढायला त्यांना गावासमोर यावंच लागेल. पाड्यावरच्या बायकांसमोर उभं राहून माझा गुन्हा मोठ्याने वाचावा लागेल. तोवर मी एक टँकर भरू देणार नाही. पद गेलं, तरी भरू देणार नाही.