काजूच्या पानाचं टोक

माझा राग थेट हातात उतरतो. आजवर मी तीन कीबोर्ड, एक टेबलफॅन आणि मंगळवार पेठेतल्या आमच्या कामाच्या खोलीचं दार फोडलं आहे. धाकट्या भावाच्या कानाखाली किती वेळा काढली, त्याची तर गणतीच नाही. आमच्या घरी वडिलांचा पट्टा बोलायचा. ते गेल्यावर थोरला म्हणून तो मान आपसूक माझ्याकडे आला, असं मला बरीच वर्षं खरोखर वाटत होतं. तिशी ओलांडलेल्या, लग्न झालेल्या भावाला मी मारायचो. तो मार खायचा, तोंड धुऊन यायचा आणि पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसायचा.

कापडावर छापायची डिझाइनं करणं हा आमचा धंदा. चादरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेली फुलंपानं दिसतात, ती मुळात दोन फुटांच्या एकाच चौकोनात असतात. तोच चौकोन मशीन शेजारी शेजारी छापत जातं. उजव्या कडेला एखादं पान कापलं गेलं, तर त्याचा उरलेला तुकडा डाव्या कडेला असायलाच लागतो. मग शेजारचा चौकोन लागला की पान पुरं होतं. हे जुळलंय का ते बघायला आम्ही चौकोन कॉम्प्युटरवर मधोमध उभा-आडवा चिरतो आणि तुकड्यांची अदलाबदल करतो. बाहेरच्या कडा मध्यभागी येतात, जोड उघडा पडतो, आणि मग तो बुजवत बसायचं.

यात धाकट्याचा हात माझ्यापेक्षा सरस. हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही. डोळा तर विचारूच नका. लग्नाच्या मांडवात जेवायला बसला तरी वर छताच्या छापील कापडाकडे बघून डिझाइनचा जोड कुठं चुकलाय ते सांगायचा, आणि इकडे ताटातला पांढरा रस्सा गार व्हायचा.

आजऱ्याचे एक व्यापारी चादरींचं काम घेऊन आले. त्यांना काजूची पानं आणि लालपिवळी बोंडं हवी होती. "कुठं सुरू झालं नि कुठं संपलं, कुणाला कळायला नको," एवढंच त्यांचं म्हणणं. धाकट्यानं आठ दिवस घालून ते डिझाइन केलं. मी ते छपाईला पाठवून दिलं आणि विसरून गेलो.

छापलेलं कापड आलं त्या सकाळी व्यापारी समोर खुर्चीत बसून चहा पीत होते. आम्ही तागा उलगडला. पहिल्या दोन हातांतच माझं डोकं फिरलं. दर दोन फुटांवर काजूचं एक पान टोकाकडून सरळ कापलेलं होतं, विळीवर धरून छाटल्यासारखं. त्या तुटक्या पानांची उभी रांग कापडभर चालत गेली होती. आंधळ्यालाही दिसली असती.

"पावणं, हे काय हो?" व्यापारी म्हणाले. "रेघच पडलीय की सगळीकडं."

मी धाकट्याकडे बघितलं. तो वाकून कापड बघत होता. त्यानं पानावर बोट ठेवलं आणि वर माझ्याकडे बघितलं.

"काय बघालास माझ्याकडं?" मी ओरडलो. "आठ दिवस काय केलंस? झोपला होतास व्हय?"

तरी तो गप्प. त्याच्या गप्प बसण्यानं माझा पारा आणखी चढला. चार लोकांत आपली अब्रू गेली, एवढंच डोक्यात घणघणत होतं. टेबलावर माप घ्यायची स्टीलची फूटपट्टी होती. ती मी उचलली आणि फेकली. अंगावर मारायची होती, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिलो. पण फेकताना मी कुठंही नेम धरला नव्हता, मला फक्त मारायचं होतं. पट्टीचा कोपरा त्याच्या डाव्या डोळ्यात गेला. तो ओरडला नाही, मटकन खाली बसला, आणि त्याच्या बोटांतून रक्त कापडावर ठिबकायला लागलं. व्यापाऱ्यांच्या हातातला कप पडून फुटला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "जिन्यात पडलो." बुबुळ चिरलं होतं. डोळा वाचेल की जाईल, ते डोळ्यावरची पट्टी सोडल्यावरच कळणार होतं. त्याची बायको कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होती. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं, आणि जिन्याचं तिला पटलेलं नाही हे मला समजलं.

दुपारी मी खोलीवर आलो. चूक कशी झाली ते बघायला मी धाकट्यानं केलेलं डिझाइन आणि छपाईला गेलेलं डिझाइन, दोन्ही उघडली. त्याच्या डिझाइनमध्ये पान पुरं होतं. डाव्या कडेला पान आणि उजव्या कडेला त्याचं नखाएवढं टोक होतं. छपाईला गेलेल्यात ते टोक नव्हतं. मग मला आठवलं. पाठवायच्या आधी मी एकदा नजर टाकली होती, कडेला काहीतरी हिरवं चिकटल्यासारखं दिसलं, आणि कचरा समजून मी ते पुसून टाकलं होतं. पंधरा वर्षं हेच काम करणाऱ्या माणसानं कडेवरचा तुकडा कचरा समजून पुसला, आणि चिरून जोड बघायचेही कष्ट घेतले नाहीत. मी उजवी मूठ भिंतीवर मारली, मारत राहिलो, शेवटी बोटातून मोडल्याचा आवाज आला. त्यानं काहीही हलकं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी हाताला प्लास्टर घालून मी त्याच्या खाटेजवळ बसलो. त्यानं प्लास्टर बघितलं.

"कळलं व्हय?" तो म्हणाला.

"तुला ठावं होतं?"

"कापड उलगडलं तवाच. टोक गेल्यालं दिसलं की."

"मग बोलायचं न्हाईस?"

"पावणं बसलं होतं न्हवं. त्यांच्यासमोर थोरल्या भावाची चूक काढू व्हय? ते गेल्यावर सांगणार होतो." त्यानं डोळ्यावरची पट्टी चाचपली. "तू थांबला न्हाईस."

त्याच्या डाव्या डोळ्याला आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. आम्ही अजून त्याच खोलीत काम करतो. त्या दिवसापासून मी हात उचललेला नाही, त्याच्यावर नाही आणि कुणावरच नाही. तो माझ्याशी हसतो, चहा मागवतो, माझ्या चुकाही आता काढतो. पण मी पाणी प्यायला जरी खुर्चीतून उठलो, तरी त्याचा हात चटकन वर जातो आणि उरलेला डोळा झाकतो.