पूर्वेचा वाफा

फौजेतला माझा थोरला भाऊ सुटीवर आला होता. वांग्याला पाणी देता देता बाबांनी त्याला विचारलं, "कमांड म्हंजे काय रे?"

"हे वाफे पाहा ना, बाबा. सरहद्दीचे असेच भाग पाडले हायेत. पूर्वेचा साहेब वेगळा, पश्चिमेचा वेगळा. फौजेचं पानी कुठं वळवाचं, थे दिल्लीतून ठरते. माही पलटन पूर्वेत हाये."

लढाई पेटली. चावडीवरच्या रेडिओवर पश्चिमेची बातमी लागली की बाबा निवांत तंबाखू मळायचे. पूर्वेत जिंकल्याचं कळलं, तेव्हा त्यांनी गावभर गूळ वाटला. पाटलांनी त्यांना हार घातला.

भाऊ त्याआधीच पश्चिमेला मेला होता. लढाईच्या तोंडावर त्याची पलटण तिकडे हलवली होती. तार आली, तेव्हा तो हार खुंटीवर सुकत होता.

फौजेच्या हालचाली गुप्त ठेवाव्या लागतात, असं गावातले मास्तर शेतावर येऊन समजावू लागले. शत्रूपासून गुप्त, हे मला कळतं. गूळ वाटणाऱ्या बापापासूनही?

बाबांनी फावड्यानं दांड फोडला आणि पाणी दुसऱ्या वाफ्यात सोडलं.

"वळवतानी पान्याले कोन इचारते, गुरुजी?"