ओळखीच्या तासाला उगवलेलं रान

पर्यावरण नियोजनाच्या प्रशिक्षणाला आम्ही वेगवेगळ्या नगरपालिकांतले इंजिनिअर जमलो होतो. पहिला तास ओळखीचा. नाव सांगा, गाव सांगा, बसा. मी कंटाळून पंख्याकडे बघत होते. कुणी म्हणालं पिंपळगाव, कुणी बोरगाव, मग चिंचोली, जांभूळवाडी, आणि माझे कान एकदम टवकारले. अहो, ही तर झाडं! सिमेंटच्या त्या हॉलमध्ये एकेक जण उभा राहत होता आणि एकेक झाड लावून खाली बसत होता. माझी पाळी आली तेव्हा 'वडगाव' हे नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐटीत सांगितलं.

शेवटच्या रांगेतले माने उठले. "मी सेक्टर सातचा," म्हणाले, आणि हॉलभर हशा पिकला. तेही हसले. "काय करणार! आमच्याकडे रस्ते आधी आले."

जुन्या माणसांनी कुठलं प्रशिक्षण घेतलं होतं? झाड दिसलं, त्याच्या सावलीत टेकले, आणि कुणी गाव विचारलं तर झाडाचंच नाव सांगून मोकळे झाले.

दुपारी आपापल्या भागाचे नकाशे रंगवायला दिले. मी मान्यांच्या नकाशात डोकावले. 'सेक्टर सात' खोडून त्यांनी टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'बहावा'.

"बहावा आहे का हो तिथं?" मी विचारलं.

"नाही ना," ते खुशीत म्हणाले, "म्हणून तर आता लावावाच लागेल."