जेवणाआधीची प्रार्थना

आमच्या कपाळावर कुंकू नसायचं आणि त्याचा खुलासा साऱ्या गावाला द्यावा लागायचा. बाजाराच्या दिवशी आई भाजी घ्यायला वाकली की शेजारी उभी असलेली परगावची बाई आधी तिच्या कपाळाकडं बघायची, मग हातातल्या बांगड्यांकडं, आणि गोंधळून जायची. बांगड्या आहेत म्हणजे विधवा नव्हे. मग मुसलमान म्हणावी, तर लुगडं आपल्यासारखंच. शेवटी कुणीतरी सांगायचं, "अगं, ती मिशनच्या शाळेतली बाई. ख्रिस्ती हाय." त्यावर "आसं व्हय" म्हणून ती बाई मेथीच्या जुडीकडं वळायची, पण तिचं समाधान झालेलं नसायचं. मला या बघण्याचा भयंकर राग यायचा. आई म्हणायची, "बघू दे की. बघून काय कपाळ झिजतंय?"

भूमच्या बाजूचं आमचं गाव तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. वडील बार्शीला दवाखान्यात कंपाउंडर होते. बार्शी जवळ असली तरी इंग्रजांच्या मुलखात, त्यामुळं मधल्या नाक्यावर झडती देऊन ते सणासुदीला घरी यायचे. घरात आई, मी आणि धाकटा भाऊ. शाळा आईच चालवायची. सरकारी हुकमानं उर्दू शिकवणं भाग होतं, म्हणून शाळेत एक मुसलमान बाई यायच्या. त्यांना सगळे उस्तानीबाई म्हणत. विधवा होत्या, एकट्या राहत. शाळेत येताना आणि जाताना बुरख्यात असायच्या, त्यामुळं गावातल्या एकाही पुरुषानं त्यांचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

आईचं आणि त्यांचं फारसं पटायचं नाही. आईच्या बायबलच्या तासावर त्यांचा उर्दूचा तास हटकून चढायचा. एकदा आई चिडून म्हणाली, "उस्तानीबाई, देवाला थोडी जागा ठेवा." त्या हसून म्हणाल्या, "बाई, तुमच्याच देवाची पोरं हायेत, जरा शिकू तर द्या." आई त्या दिवशी घरी येऊन भाकरी थापताना परातीवर सगळा राग काढत होती.

आई शिस्तीची, आणि प्रार्थनेच्या बाबतीत तर विचारूच नका. जेवणाआधी बोटांत बोटं गुंफायची, डोळे मिटायचे आणि आमेनपर्यंत हलायचं नाही. भावानं एकदा मधेच वरणात बोट घातलं, तर त्याला नुसत्या भाकरीवर उठावं लागलं. "देवाशी बोलताना इकडंतिकडं बघतात का?" हा तिचा प्रश्न असायचा. मी बघायची. एक डोळा किलकिला करून मी रोज बघायची.

निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष फार वाईट गेलं. सरकारच्या जोरावर माजलेल्या टोळ्या गावोगाव फिरत होत्या. आमच्या गल्लीच्या टोकाला आडत दुकान असलेले एक लिंगायत गृहस्थ राहत, त्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांच्या धाकट्या भावाला अशाच एका टोळीनं भरदिवसा घरातून ओढून नेलं आणि ओढ्याकाठी मारलं. पुढं थोड्याच दिवसांत हिंदुस्थानची फौज आली आणि निजामाचं राज्य पडलं. आम्हालाही आनंद झाला, खोटं कशाला सांगू. आईनं गूळ वाटला. पण गुळाची चव तोंडात असतानाच उलटा वारा सुटला. टोळीतले खरे गुन्हेगार कधीच पळून गेले होते. मागं राहिले होते ते गरीब मुसलमान, आणि सूड त्यांच्यावर निघू लागला.

एका सकाळी परसदारी उस्तानीबाई उभ्या. पायांत चप्पल नाही. "बाई, माझं घर फोडलं," एवढंच म्हणाल्या. आईनं त्यांना आत घेतलं, बुरखा चुलीत घातला आणि रविवारी चर्चला नेसायचं आपलं पांढरं लुगडं काढलं. उस्तानीबाईंनी जन्मात लुगडं नेसलेलं नव्हतं. आईनं ते त्यांना नेसवलं, पदर डोक्यावरून घेतला आणि मागं सरून त्यांच्या कपाळाकडं पाहिलं. कोरं कपाळ आमच्यात शोभून गेलं. ज्या कपाळासाठी मी बाजारात चरफडायची, त्याचं मला त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं.

"नक्को बाई, तुमच्या पोरांवर बला यील," उस्तानीबाई म्हणाल्या.

"तुम्ही माझ्या मावसबहीण," आई म्हणाली. "नगरहून आलाय. कुणी विचारलं तर बोलू नका, मी बोलेन."

दुपारी आम्ही जेवायला बसलो. ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी. आई म्हणाली, "प्रार्थना करू या." आम्ही बोटं गुंफली, डोळे मिटले, आणि तेवढ्यात दारात पावलं वाजली. मी डोळा किलकिला केला. हातात काठ्या घेतलेली माणसं उंबऱ्यापाशी उभी होती, एकाकडं कुऱ्हाड. पुढं अण्णा होते.

आईनंही डोळे उघडले. "प्रार्थना चाललीय, अण्णा," ती म्हणाली. "जरा थांबा." आणि तिनं पुन्हा डोळे मिटले. माणसं थांबली. इतक्या वर्षांनी मला याचंही नवल वाटतं की ती थांबली.

आई म्हणू लागली, "हे प्रभू, या अन्नाबद्दल तुझे आभार." मी उस्तानीबाईंकडं पाहिलं. त्यांनी डोळे गच्च मिटले होते, ओठ हलत होते, आणि दोन्ही हात छातीसमोर उघडे धरले होते, ओंजळीत पाणी घेतल्यासारखे. भीतीनं त्या आमची पद्धत विसरल्या आणि जन्मभर जशी दुआ मागितली तशी मागू लागल्या. असे हात कोण धरतं हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

मग आईनं डोळे उघडले. भर प्रार्थनेत. तिनं ते हात पाहिले. तिच्या आवाजात तसूभर फरक पडला नाही. ती म्हणत होती, "दारात उभे आहेत त्यांच्या घरातलं दुःख तू पाहतोस, प्रभू," आणि म्हणता म्हणता तिनं आपली गुंफलेली बोटं सोडवली आणि दोन्ही तळवे वर उघडले. मी उघडले. भावाला कोपरानं ढोसलं, त्यानंही उघडले. आमेन झालं. उस्तानीबाईंनी सवयीनं दोन्ही हात तोंडावरून फिरवले. आईनंही फिरवले, अगदी सावकाश, जणू लहानपणापासून फिरवत आली होती.

मी थक्क होऊन तिच्याकडं बघत राहिले. प्रार्थनेत माशी बसली तरी हात न हलवणारी ही बाई. देवाशी बोलताना तिनं इकडंतिकडं पाहिलं होतं, आणि मला वाटतं, त्या दिवशी ती देवाशी जितकी बोलली तितकी आधी कधी बोलली नसेल. नंतरच्या आयुष्यात मी पुष्कळ सभांना गेले, धर्मावर मोठमोठी भाषणं ऐकली. आपले कोण आणि परके कोण हे वक्ते हात वर करकरून सांगत असतात. मला मात्र चुलीपुढचे ते तळवे दिसतात आणि भाषणातलं लक्ष उडतं.

कुऱ्हाडवाला पोरगा म्हणाला, "ही कसली प्रार्थना? ख्रिस्ती लोक आसं हात धरत्यात व्हय?"

"आमच्यात अशीच असते," आई म्हणाली.

पोरगा अण्णांकडं वळला. अण्णा उस्तानीबाईंच्या हातांकडं बघत होते. मग ते म्हणाले, "आशीच आसती. म्या दर नाताळाला बघतो की. चला."

ती माणसं गेली. उस्तानीबाई भिंतीला टेकून रडू लागल्या. मी मात्र फुशारकीनं म्हणाले, "आई, अण्णा कसे फसले!"  आई म्हणाली, "अगं, ते दर नाताळाला आपल्याकडं फराळाला येतात. आपले हात कसे असतात ते त्यांना चांगलं ठाऊक आहे."

तेव्हा मला कळलं, अण्णा फसले नव्हते. मारलेल्या भावाचं दुःख अजून ज्यांच्या घरात ताजं होतं, त्यांनी हे केलं होतं.

दोन-तीन दिवसांनी फौजेच्या गाडीतून उस्तानीबाई सुखरूप छावणीत गेल्या. आई मला घेऊन आडतीवर गेली. अण्णा एकटेच होते, रिकाम्या तराजूसमोर बसलेले.

"अण्णा, तुमचे आभार मानायला आले," आई म्हणाली.

"मानू नका," ते म्हणाले. त्यांनी वर पाहिलं नाही. "माज्या भावाला वढत नेलं तवा गल्लीतलं एक माणूस म्हनलं न्हाय, की सोडा, त्यो आमचा हाय. तुमच्या दारात म्हनायची माजी पाळी आली, तवा म्हनलो." मग ते म्हणाले, "गल्लीला कशापायी बोलू, बाई? म्या सोता माडीवर आतून कडी लावून बसलो हुतो. खिडकीतून बघत हुतो त्याला नेताना."

आईनं आभार मानले नाहीत. ती त्यांच्यासमोरच्या पोत्यावर बसली, आणि पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत दोघं तशीच बसून राहिली.