प्रकरण फार जुनं आहे

नागपूरहून वकिलीची सनद घेऊन मी परभणी जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी परतलो, तेव्हा पोलीस ॲक्शन होऊन तीन-चार वर्षं झाली होती. निजामाच्या राजवटीत कोर्टाचा सगळा कारभार उर्दूत चाले. आता वरून हुकूम आला होता की यापुढं इंग्रजी. जुन्या वकिलांची त्यामुळं पंचाईत झाली आणि माझी पाची बोटं तुपात गेली.

माझी खरी मिजास इंग्रजीची नव्हती, लॅटिनची होती. तसा मी अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस. कॉलेजात पन्नास-साठ लॅटिन शब्द पाठ केलेले, तेवढीच पुंजी. पण ती कुठं काढायची आणि कुठं झाकायची, हे मी फार लवकर शिकलो. एखादं काम पुढची तारीख न देता तहकूब झालं की मुन्सिफासमोर म्हणायचं ‘साइनी डाय’. बाररूममध्ये म्हणायचं, लटकलं. पक्षकारानं विचारलं तर, ‘बघू, चालू आहे.’ चेष्टेलाही लॅटिन चाले. कुणाची बायको माहेरी गेली की तो सांगायचा, आज एक्स पार्टी जेवलो, आणि आम्ही चार नवे वकील खो खो हसायचो. जुने वकील कोपऱ्यात गप्प बसत. तोच शब्द त्यांच्याकडं ‘यकतर्फा’ म्हणून होता आणि तो गावोगावच्या माणसाला कळायचा. आमचा कुणालाच कळत नव्हता, म्हणून त्याला भाव.

त्या जुन्या वकिलांत एक काका होते. नात्यातले नव्हते, वडिलांचे दोस्त. शेरवानी, पांढरी दाढी, पानानं रंगलेले ओठ. शाळेत असताना मी उर्दू लिहायला त्यांच्याच ओसरीवर बसून शिकलो. चुकलो की कान धरायचे आणि मग हातावर शेंगदाणे ठेवायचे. इंग्रजी त्यांना चार वाक्यांपुरतं येई.

एका दाव्यात आम्ही समोरासमोर आलो. चारठाण्याच्या बाजूच्या एका खेड्यातला धनगर त्यांचा पक्षकार. त्याची मेंढरं पिढ्यान्‌पिढ्या एका शेताच्या बांधावरून ओढ्याच्या पाण्याला जात. ते शेत माझ्या पक्षकाराचं. त्याला ती वाट बंद करायची होती. वाट गेली तर धनगराला पाण्यासाठी दीड कोसाचा वळसा पडणार होता, आणि उन्हाळ्यात तो कळपाला झेपणार नव्हता. एवढंच भांडण.

काकांच्या हातात हुकमाचा पत्ता होता. याच वाटेवरून याच दोन घरांत निजामाच्या काळात दावा झाला होता आणि धनगराच्या बापाच्या बाजूनं निकाल लागला होता. तो उर्दू कागद काकांनी दोन्ही हातांनी वर धरला आणि भरल्या आवाजात म्हणाले, “हुजूर, ये अम्रे फैसलशुदा है!” एकदा निवाडा झालेली गोष्ट त्याच माणसांना पुन्हा उकरून काढता येत नाही, असा त्याचा अर्थ. तो नियम निजामाच्या कायद्यात होता, इंग्रजांच्या कायद्यात होता, आणि नव्या कायद्यातही जसाच्या तसा होता. तिथं त्याचं नाव फक्त लॅटिन होतं: रेस ज्युडिकेटा. ते नाव ऐकलं असतं तर मुन्सिफांनी पाच मिनिटांत माझा दावा काढून टाकला असता.

मुन्सिफ नवे होते, दुसऱ्या प्रांतातून आलेले. त्यांना उर्दूचा अलिफ येत नव्हता. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला आणि सरळ माझ्याकडं वळून इंग्रजीत विचारलं, “तुमचे विद्वान मित्र काय म्हणताहेत?”

अख्ख्या कोर्टात दोन्ही भाषा येणारा मी एकटा. काका माझ्याकडं विश्वासानं बघत होते. मी इंग्रजीत म्हणालो, “साहेब, ते म्हणतात, प्रकरण फार जुनं आहे.”

त्यात धडधडीत खोटं असं काही नव्हतं, याचंच मला त्या क्षणी कौतुक वाटलं. मी कायद्याचा शब्द उचलून त्याचं गप्पांतलं वाक्य करून टाकलं होतं. मुन्सिफ हसले. “जुनं आहे ते मला दिसतंच आहे,” म्हणाले. सगळे हसले. काकाही हसले, साहेबांना मुद्दा पोचला म्हणून. कागद मिसलीत, दाव्याच्या फायलीत, गेला आणि तिथंच राहिला. मी दावा जिंकला.

निकाल इंग्रजीत होता. काकांनी तो माझ्याकडूनच वाचून घेतला. मग चष्मा काढून विचारलं, “माझ्या मुद्द्यावर साहेब काय म्हणतात?” निकालात त्यावर एक ओळ नव्हती, असणार कुठून? मी म्हणालो, “मान्य केला नाही, काका.” त्यांना ते खरंच वाटलं. नव्या राज्यात जुना कायदा चालत नसेल, असं स्वतःशीच पुटपुटले. वर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “तू विरुद्ध बाजूचा असून माझं म्हणणं साहेबांपुढं ठेवलंस. हे मी विसरणार नाही.” खाई त्याला खवखवे. मी त्या दिवशी जेवलो नाही.

आठवड्याभरानं धनगर माझ्या घरी आला. आत ये म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उकिडवा बसला.

“वकीलसाब, आमचं म्हननं तुमीच इंग्रजीत सांगितलं म्हनं,” तो म्हणाला. “आमचे वकीलसाब म्हनले, तुमी इमानदारीनं सांगितलं. मंग साहेबाला पटलं का न्हाई? मेंढरं लय लांबून पान्याला न्यायलोत. गाभण मेंढ्या वाटंतच बसायल्यात. असंच ऱ्हायलं तर इकावी लागतील. वर अपील केलं तर काय व्हईल का?”

‘अपील कर, तू जिंकशील’, इतकंच सांगायचं होतं. पण मग त्यानं पुढचं विचारलं असतं, आणि काकांनीही विचारलं असतं. मी घसा साफ केला आणि म्हणालो, “तुझ्या कामात रेस ज्युडिकेटा लागू झालं नाही.”

जो शब्द कोर्टात गिळला, तो मी त्या उंबऱ्यावर काढला. तिथं तो बोलला तरी कुणाच्या कामाचा नव्हता. धनगरानं ऐकलं, मान हलवली.

“आसंल बाबा. तुमाला कळतंय,” म्हणाला. हात जोडले आणि उठून गेला.

अपिलाची मुदत संपायला तेव्हा अकरा दिवस उरले होते. सुट्टी सोडली तर त्यातला रोज मी कोर्टात गेलो. बाररूममध्ये काकांच्या शेजारी बसलो, त्यांनी मागवलेला चहा प्यालो. आज काकांना सांगायचंच, असं रोज घरून ठरवून निघायचो आणि रोज कुणीतरी तिसरा माणूस तिथं बसलेला असायचा. नसला तर मी तो येण्याची वाट बघायचो. असा मी भित्रा.

बाराव्या दिवशी सकाळी मी त्यांच्या ओसरीवर गेलो आणि सगळं सांगितलं. साहेबांनी काय विचारलं, मी काय बोललो, धनगराला काय सांगितलं, सगळं. त्यांनी माझा कान धरावा असं मला फार वाटत होतं.

ते रागावले नाहीत. बोटांवर दिवस मोजले, पुन्हा मोजले.

“काल का नाही आलास?” त्यांनी विचारलं.